पंच्याऐंशीवा चेंडू

अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत, असा नियम आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ७५ची, सात-आठ वर्षांच्यासाठी ५०ची. पंच्याऐंशीवा चेंडू एखाद्या बॅटरसमोर मध्येच पडला, तर तेवढा बॅटर संपवायची मुभा असते. त्यानंतर पिचरने चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा. सामना कितीही अटीतटीचा असो, बाकावर तेवढ्या तोलाचा दुसरा पिचर असो वा नसो. ज्याने एका दिवसात ६६ किंवा जास्त चेंडू टाकले, त्याने पुढचे चार दिवस पिचिंग करायची नाही. एवढंच नाही, ४१ चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभं करता येत नाही. कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, आणि फेकणारा हात तोच असतो.

ही मोजणी २००७ साली सुरू झाली. त्याआधी मुलाने आठवड्याला किती इनिंग टाकल्या, तेवढंच पाहत. पण एक इनिंग आठ चेंडूंत संपते, तशी चाळीस चेंडूंवरही जाते. ताण पडतो तो प्रत्येक चेंडूगणिक. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला, हाड जिथून वाढतं तिथे, कूर्चेचा मऊ पट्टा असतो. जोरात चेंडू फेकताना दर खेपेला तो ओढला जातो. या दुखण्याला डॉक्टरांनी १९६० सालीच ‘लिटल लीग एल्बो’ असं नाव दिलं. मुलांच्या खेळाचं नाव मुलांच्या आजाराला मिळालं, आणि तरीही चेंडू मोजायला सुरुवात व्हायला सत्तेचाळीस वर्षं जावी लागली.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथली अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट या संस्थेने तरुण पिचरांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याचा धोका इतरांपेक्षा साडेतीन पट निघाला. गंभीर म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागणारी, किंवा खेळच सोडायला लावणारी. कोपरातल्या फाटलेल्या बंधाच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या जागचा स्नायुबंध बसवायची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली पहिल्यांदा केली, ती टॉमी जॉन नावाच्या व्यावसायिक पिचरवर. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शाळकरी मुलांवरही करावी लागते.

न्यू जर्सीत राहून गेली काही वर्षं मी अशा एका लीगच्या आसपास वावरतो आहे. कधी स्कोअरबुक घेऊन, कधी खोरी-फावडी घेऊन. या काळात लिटल लीगचं नियमांचं पुस्तक मी पुष्कळदा चाळलं. त्यातले बरेचसे नियम मुलांच्या नावाने लिहिलेले असले, तरी ते आहेत मोठ्यांसाठी. मुलाला कुठे थांबायचं ते कळत नाही, हे खरं. पण त्याच्या वडिलांना आणि मॅनेजरला ते त्याहून कमी कळतं. गावची ज्युनिअर लीग चालवायची म्हणजे खेळ मुलांच्या हातात राहावा म्हणून मोठ्यांना आवर घालायचा. बाकी सगळी कामं त्यापुढे सोपी.

*

ही व्यवस्था जन्मली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट इथे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं हे गाव १९३८ साली मंदीच्या झळा सोसत होतं. कार्ल स्टॉट्झ हा तिथला साधा नोकरदार माणूस नात्यातल्या दोन मुलांशी अंगणात चेंडू खेळत असताना त्याला कल्पना सुचली: लहान मुलांनाही मोठ्यांसारखे गणवेश, अंपायर, ठरलेले सामने का असू नयेत? मोठ्यांच्या मैदानावर बेस एकमेकांपासून ९० फुटांवर असतात. दहा वर्षांच्या मुलाला ते अंतर धावायला जड, फेकायला त्याहून जड. स्टॉट्झने गल्लीतल्या मुलांना धावायला लावून, फेकायला लावून अंतर कमी-जास्त करून पाहिलं आणि ६० फुटांवर तो थांबला. आजही ते साठच आहे. पिचर आणि होम प्लेटमधलं अंतर आता ४६ फूट आहे, सामना नऊऐवजी सहा इनिंगचा. मोठ्यांच्या खेळातून जे मुलांच्या अंगाला येत नव्हतं, ते त्याने बेतून घेतलं.

पैशांसाठी तो गावातल्या दुकानदारांकडे आणि कंपन्यांकडे गेला. पन्नासहून जास्त ठिकाणी नकार मिळाल्यावर लायकमिंग डेअरीने ३० डॉलर दिले. मग लंडी लंबर आली आणि जंबो प्रेट्झेल. दूधवाला, लाकूडवाला आणि खारी बिस्किटं विकणारा अशा तिघांच्या नावाने तीन संघ झाले. ६ जून १९३९ रोजी पहिल्या सामन्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. आजही गावोगावच्या लीगमध्ये मुलांच्या शर्टाच्या पाठीवर दातांच्या डॉक्टरचं, पिझ्झावाल्याचं, प्लंबरचं नाव असतं. आमच्याकडे आता इंडियन ग्रोसरीचंही दिसतं. पैसे उभे करायची रीत तीच राहिली आहे, आणि नकार पचवायची तयारीही तेवढीच लागते.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर लीग देशभर पसरली. १९४७ साली विल्यम्सपोर्टला पहिली मोठी स्पर्धा झाली, पुढे तीच वर्ल्ड सिरीज म्हणून गाजली. १९५७ साली मेक्सिकोतल्या माँतेरेच्या मुलांनी ती जिंकली, अमेरिकेबाहेरचे पहिले विजेते म्हणून. संघटना मोठी झाली, पैसा आला, कंपन्या आल्या. कारभार गावच्या हातातून सुटून वरच्या कार्यालयाकडे जातोय म्हणून स्टॉट्झचं आणि संघटनेचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर तो बाहेर पडला आणि त्याच गावात आपली छोटी लीग चालवत राहिला. १९९२ साली तो गेला. संस्थापकाने स्वतःच्या संस्थेपासून दूर राहून आयुष्य काढावं, याचं मला वाईट वाटतं. पण त्याचा मुद्दा बरोबर होता. अशी लीग गावची असते तोवरच ती मुलांची राहते.

*

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, नोंदणी सुरू होते. लीगचं एक बोर्ड असतं: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, सुरक्षा अधिकारी, प्लेअर एजंट. सगळे बिनपगारी. दिवसा नोकरी, रात्री वाचनालयाच्या खोलीत बैठक. ज्याने गावी गणपती मंडळाचं काम केलंय त्याला हे वातावरण ओळखीचं वाटेल: कामाला चार, मताला चाळीस. विमा, नगरपालिकेकडून मैदानाची परवानगी, प्रत्येक स्वयंसेवकाची दरवर्षी पार्श्वभूमी तपासणी, हे सगळं एप्रिलच्या आत उरकावं लागतं. तपासणी झाल्याशिवाय कुणालाही, अगदी अध्यक्षाच्या भावालाही, डगआउटमध्ये पाऊल टाकता येत नाही. यात सवलत नसते आणि नसावी.

फी असते, पण फी भरता आली नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, असं नियमातच आहे. फी माफ करायचं काम खजिनदार गुपचूप करतो. कोणाच्या घरून पैसे आले नाहीत हे मॅनेजरलासुद्धा कळत नाही.

सगळ्यात अवघड खुर्ची प्लेअर एजंटची. तो ज्या विभागाचा एजंट, त्या विभागात त्याला मॅनेजर होता येत नाही, कोचिंग करता येत नाही, अंपायरिंगही करता येत नाही. हा माणूस मुलांचा वकील. मार्चमध्ये मुलांची चाचणी होते. पाठीवर नंबर लावून मुलं येतात, चार चेंडू झेलतात, चार मारतात, एकदा धावतात. भिंतीशी मॅनेजर मंडळी वह्या घेऊन गुण देत असतात. मग एका संध्याकाळी दार लावून संघनिवड होते. प्रत्येक मॅनेजर आपापल्या पाळीला एक मूल घेतो, पुढच्या फेरीत क्रम उलटतो. स्वतःचं मूल कितव्या फेरीत धरायचं ते आधीच ठरलेलं असतं, नाहीतर चांगलं खेळणारा आपला मुलगा शेवटी फुकटात घेऊन मॅनेजर दुसरा तगडा खेळाडू पदरात पाडून घेईल. भावंडं एका संघात हवीत का, हे पालकांना आधी विचारलेलं असतं.

या खोलीत रंगलेले वाद मी ऐकले आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाबद्दल मोठी माणसं ज्या गांभीर्याने बोलतात, ते ऐकून एजंट इतका कडक का असावा लागतो ते समजतं. रात्री उशिरा यादी पुरी झाली की कोण कितवा घेतला गेला तो कागद एजंट आपल्याकडे ठेवतो, आणि खोलीतली गोष्ट बाहेर काढायची नाही असं सगळ्यांना बजावतो. दुसऱ्या दिवशी घरोघरी फोन जातात: तू अमुक संघात. एवढंच. शेवटच्या फेरीत उरलेल्या मुलाला आपण शेवटचे होतो हे कधीही कळू नये, यासाठी हा सगळा बंदोबस्त. लीगचं इतकं मोलाचं दुसरं काम मला माहीत नाही.

त्या शेवटच्या मुलासाठी आणखी एक नियम आहे. संघातल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान एकदा बॅट मिळालीच पाहिजे, आणि निदान सहा आउट होईपर्यंत, म्हणजे दोन इनिंगांइतकं, मैदानात उभं राहायला मिळालंच पाहिजे. मॅनेजरने हे टाळलं तर पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा पुढच्या सामन्याला बंदी, तिसऱ्यांदा पूर्ण हंगाम बाहेर. बहुतेक वेळा या मुलाला राइट फील्डला उभं करतात, कारण त्या वयात तिकडे चेंडू क्वचित येतो. मूल तिथे गवताची पाती खुडत उभं असतं. मग एखाद्या दिवशी चेंडू तिकडेच उडतो.

*

शनिवारी सकाळी नऊचा सामना असेल आणि रात्री पाऊस पडला असेल, तर साडेसहाला दोघं-तिघं मैदानावर हजर असतात. दुसऱ्या बेसपाशी आणि बॅटर जिथे उभा राहतो त्या खळग्यात पाणी साचतं. ते झाडूने ढकलायचं नाही. पाण्याबरोबर लाल माती गवतात जाते आणि कडेला बांध तयार होतो. पुढच्या पावसात तिथेच तळं. मोठे स्पंज दाबून पाणी बादलीत पिळायचं, मग भाजलेल्या मातीची बारीक खडी पसरायची. ती ओल शोषून घेते. खोऱ्याने उलटसुलट ओढून जमीन सारखी करायची. मग टेप लावून ४६ फूट, होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत. लाकडी चौकट ठेवून बॅटरचे चौकोन, दोरी ताणून चुन्याच्या रेघा. बेस जमिनीत पुरलेल्या नळीत ठोकून बसवायचे आणि पायाने हलवून बघायचे. सैल बेसवर घसरत आलेल्या मुलाचा घोटा मुरगळतो.

साडेआठला मुलं येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत त्या रेघा पुसल्या जातात.

सामना सुरू झाला की दोन्ही संघांचा एकेक माणूस हातात मोजणीचं यंत्र घेऊन बसतो. पिचरने चेंडू टाकला की अंगठ्याने एक कळ. इनिंग संपली की दोघं आकडे जुळवतात. एकोणचाळीस? एकोणचाळीस. जुळले नाहीत तर स्कोअरबुकातल्या ठिपक्यांवरून पुन्हा मोजायचे. मला हे काम आवडतं, कारण त्यात मतांना जागा नसते. पिचरचे वडील जाळीपाशी येऊन, अजून दमलेला नाही हो तो, असं सांगतात, तेव्हा यंत्र पुढे करायचं. त्यावर ८५ असतं.

*

मोठ्यांनी मुलांच्या खेळात घातलेले घोळ फक्त कोपरापुरते नाहीत.

१९५५ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमधल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या संघाने राज्य स्पर्धेत नाव दिलं. ही सगळी काळी मुलं होती. त्यांच्याशी खेळायला नको म्हणून गोऱ्यांच्या संघांनी माघार घेतली. समोर कुणी उरलंच नाही, म्हणून कॅनन स्ट्रीट न खेळता विजेता ठरला. आणि न खेळता जिंकलेल्या संघाला पुढे जाता येत नाही, असा नियम दाखवून त्यांना वर्ल्ड सिरीजपासून अडवलं. विल्यम्सपोर्टला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, थोडा सराव करू दिला आणि मग प्रेक्षकांत बसवलं. स्टेडियममधून लोक ओरडले, यांना खेळू द्या. खेळू दिलं नाही. त्या वर्षीच्या राज्य विजेतेपदाचा फलक त्यांच्या हाती पडला २००२ साली, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते.

१९७२ साली न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी मुलांच्या संघातून पिचिंग करत होती. तीन सामने झाले आणि गावच्या लीगची मान्यता काढून घेण्याची धमकी आली. तिला थांबावं लागलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने तिच्या बाजूने तक्रार केली. सुनावणीत लिटल लीगकडून क्रेटन हेल यांनी मुलींची हाडं मुलांपेक्षा कमी मजबूत असतात, अशी साक्ष दिली. हे तेच हेल, ज्यांनी मुलांच्या दोन्ही कानांवर येणारं हेल्मेट तयार करण्यात पुढाकार घेतला होता. त्या हेल्मेटने किती डोकी वाचली असतील. शास्त्र जाणणारा भला माणूससुद्धा रूढीच्या बाजूने उभा राहू शकतो. सुनावणी घेणाऱ्या सिल्व्हिया प्रेसलर यांनी निकाल मुलींच्या बाजूने दिला, १९७४ साली वरच्या कोर्टाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षअखेर लिटल लीगच्या केंद्रीय सनदेतून फक्त मुलांचा उल्लेख गेला. मारिया तोवर वयाच्या मर्यादेबाहेर गेली होती. चाळीस वर्षांनी, २०१४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने एकही धाव न देता पूर्ण सामना टाकला. असं करणारी ती पहिली मुलगी.

२००१ साली ब्रॉन्क्सच्या संघातला एक डावखुरा पिचर सगळ्या देशाचा लाडका झाला. काही दिवसांत उघड झालं की तो बाराचा नसून चौदाचा होता. जन्मदाखला मोठ्यांनी खोटा करून आणला होता. २०१४ साली शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट संघाने अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत ते काढून घेतलं गेलं, कारण प्रौढांनी लीगच्या हद्दीचा नकाशा बदलून बाहेरची मुलं आत घेतली होती. मुलांनी सामने खरेच जिंकले होते. विजेतेपद गमावताना मान खाली घालावी लागली ती त्यांना.

*

आता आपल्या लोकांबद्दल. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात मराठी घरं भरपूर. मुलं बेसबॉल खेळतात, आईवडील क्रिकेटवर वाढलेले. पहिल्या वर्षी बाकावर बसून, अरे बॉल बघ, बॉल, एवढाच सल्ला देता येतो. रविवारची मराठी शाळा आणि सामना यांची वेळ एकच येते, आणि मूल गणवेशातच बाराखडी गिरवताना दिसतं. २०२२ साली कुमार रॉकर आणि २०२३ साली अर्जुन निम्मला हे व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत घेतले गेले, तेव्हा भारतीय घरांत या खेळाकडे बघायची नजर बदलली. दोघांची भारतीय मुळं तेलुगू घरांतली. रॉकरच्या कोपरावर २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, हेही त्याच घरांत कळायला हवं होतं. तेवढं मात्र कुणी बोललं नाही.

नजर बदलली तशी घाईही आली. नऊ वर्षांच्या मुलाला हजारो डॉलर भरून गावोगाव फिरून खेळणाऱ्या ट्रॅव्हल टीममध्ये घालायचं, खासगी कोच लावायचा, बाराही महिने पिचिंग. लीगमध्ये ८५वर थांबलेला मुलगा रविवारी दुसऱ्या शर्टात, दुसऱ्या गावात पुन्हा चेंडू टाकतो. तिथली मोजणी इथे येत नाही. आपल्याकडे अभ्यासाच्या क्लासला जे झालं तेच इथे कोपराला होतंय, आणि हे मी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या, मला प्रिय असलेल्या माणसांबद्दल लिहितो आहे. शिवाय बरं खेळणारी मुलं निघून गेली की गावची लीग दुबळी होते, आणि त्याचा फटका बसतो तो ज्यांना ट्रॅव्हल टीम परवडत नाही त्यांना.

दुसरी मोठी अडचण अंपायरची. गावच्या सामन्यांत अंपायर पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. खांद्यावर मोठं होणारं संरक्षक कवच, हातात मोजणीचं यंत्र, आणि जाळीमागून चाळिशीतला माणूस ओरडतो आहे. असं दोन-तीनदा झालं की ते मूल पुन्हा येत नाही. न्यू जर्सीतल्याच डेप्टफर्डच्या लीगने २०२३ साली यावर नियम केला: अंपायरशी भांडणाऱ्या प्रेक्षकाने आधी तीन सामन्यांत स्वतः अंपायरिंग करायचं, तोवर त्याला मैदानावर प्रवेश नाही. मला हा नियम शिक्षेपेक्षा शिक्षण म्हणून आवडला. होम प्लेटमागे वाकून उभं राहिलं, समोरून येणारा चेंडू गुडघ्याच्या वर होता की खाली हे अर्ध्या सेकंदात ठरवावं लागलं, की बाकावरून किती कमी दिसतं ते समजतं.

विल्यम्सपोर्टच्या वर्ल्ड सिरीजमधले अंपायरसुद्धा स्वयंसेवक असतात, आणि तिथे तिकीट लागत नाही. ऑगस्टमध्ये जमलं तर मुलांना घेऊन जरूर जा. पण त्याआधी एक काम करा. जानेवारीत नोंदणीचा अर्ज भराल तेव्हा शेवटी स्वयंसेवकाचा रकाना येतो. आपण बहुतेक जण तो रिकामा सोडतो, आणि मग हंगामभर बोर्डाला नावं ठेवतो. या वेळी तिथे खूण करा. खेळ कळत नसेल तर चेंडू मोजायला बसा. त्याला फक्त लक्ष लागतं. बेसबॉल कळत असेल तर अंपायरिंगच्या प्रशिक्षणाला नाव द्या. बऱ्याच लीग ते फुकट देतात, आणि सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे.